आठ तासांचा टप्पा

विभागात सरांना मागून सगळे 'ग्रहण' म्हणत. सर जिना चढताना दिसले की कॉरिडॉरमध्ये गप्पा ठोकत उभी असलेली पोरं पटापट आपापल्या खोल्यांत शिरत, आणि सर घरी गेले की कुणीतरी दार किलकिलं करून विचारी, "सुटलं का रे?" हे नाव सरांच्या कानावर आलेलं होतं, आणि त्यांना ते आवडायचं. लोक आपल्याला घाबरतात म्हणजेच मानतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती समजूत बदलायला जाईल असा माणूस त्या इमारतीत शिल्लक नव्हता.

दुसऱ्यांना नावं ठेवण्यात तर सरांचा हात कुणी धरला नसता. हाताखाली नवा विद्यार्थी आला की आठवड्याच्या आत त्याला टोपणनाव मिळे आणि ते त्याला जन्मभर पुरे. एक जण प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा, तो 'होयबा'. हा होयबा मान डोलवत डोलवत पुढे विभागप्रमुख झाला, तरी सर त्याला भर बैठकीत होयबाच म्हणत, आणि तो बिचारा त्यालाही मान डोलवी. सध्याची विद्यार्थिनी काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून ती 'टाचणी'. आणि चौदा वर्षांपूर्वी एक होता, सहा फूट दोन इंच उंच, त्याचं नाव 'शिडी'. त्याचं काय झालं ते पुढे सांगावं लागणार आहे.

सरांचा सगळा डोलारा एका निष्कर्षावर उभा होता. सूर्यापासून खूप लांब, अंधारात तीन दगड फिरतात. एक डोंगराएवढा, आणि त्याच्याभोवती घिरट्या घालणारे दोन लहान. सरांनी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच तसं म्हणू लागले. वयाच्या चौतिसाव्या वर्षी सरांनी संगणकावर गणित करून दाखवलं, की धाकट्याची वाट वरून कितीही नेटकी दिसली तरी आतून ती चंचल आहे. आज केसाएवढा फरक पडला तर हजार वर्षांनी धाकटा कुठे असेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि चाळीस हजार वर्षांच्या आत तो हे घर कायमचं सोडून जाणार. लेख अवघा अकरा पानांचा. त्या अकरा पानांवर सरांना नोकरी मिळाली, कोपऱ्यातली मोठी खोली मिळाली, समित्या मिळाल्या, परदेशची आमंत्रणं मिळाली. पुढची एकतीस वर्षं सर धाकट्याच्या जिवावर जगले म्हणा ना.

आता येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. होयबाने सकाळची परिषद ठेवली होती, बाहेरगावचे पाहुणे बोलावले होते, आणि दुपारी बाराला शेवटचं भाषण सरांचं होतं. विषय अर्थातच धाकटा.

मंगळवारी सकाळी टाचणी सरांच्या खोलीत आली.

त्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी एकच खुर्ची होती आणि तिचा एक पाय आखूड होता. दुरुस्त करायला आलेल्या सुताराला सरांनी दोनदा परत पाठवलं होतं. समोरचा माणूस डुगडुगत बसला की लवकर उठतो, असं ते हसत सांगत. टाचणी बसलीच नाही. छातीशी लॅपटॉप धरून उभी राहिली.

"सर, शेवटच्या प्रकरणासाठी मी धाकटा पुन्हा एकदा चालवून बघितला."

"मग?"

"टप्पा बदलला."

"कुणाला विचारून?"

"पाच तासांचा घेतला सर. तो जात नाही कुठे."

"कोण जात नाही?"

"धाकटा. दहा लाख वर्षं चालवला. जागचा ढळत नाही."

हे टप्प्याचं प्रकरण काय ते सांगतो, अवघड काही नाही. संगणकाला दगड सलग फिरवता येत नाही. तो त्याला उड्या मारायला लावतो. आत्ता इथे, इतक्या तासांनी तिथे, पुन्हा तितक्याच तासांनी त्याच्यापुढे. या उडीला टप्पा म्हणतात. टप्पा लहान घेतला तर गणित नेमकं येतं पण वेळ फार खातं. सरांनी तो लेख लिहिला तेव्हा यंत्रं संथ होती, विभागाला आठवड्यातून नऊ तास यंत्र मिळायचं आणि त्यासाठी रांग लागायची. म्हणून सरांनी टप्पा घेतला आठ तासांचा. पुढे यंत्रं हजारपटीने वेगवान झाली, पण टप्पा आठाचाच राहिला. नवे आकडे जुन्या लेखाशी ताडून बघायचे तर टप्पा तोच हवा, असं सर म्हणत आणि ते ऐकायला बरोबरही वाटायचं.

"तुझा प्रोग्राम चुकलाय," सर म्हणाले.

"तीन वेगवेगळ्या प्रोग्रामांनी करून बघितलं सर. मला प्रबंध द्यायचाय. बाहेरचे परीक्षक हे पहिल्यांदा विचारतील."

"आणि त्या प्रबंधावर सही कुणाची लागते?"

टाचणीने लॅपटॉप आणखी घट्ट धरला.

"शुक्रवारपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. नंतर बघू तुझं काय करायचं ते." सरांनी चष्मा पुसायला घेतला. "टाचण्या मी पुष्कळ वाकवल्यात बाई. एक तर ओळीने बसून गणितं करायची, नाहीतर घरी जाऊन लग्नाचं बघायचं. जा."

ती गेली. तिचे डोळे भरून आलेले सरांनी पाहिले आणि त्यांना थोडं हलकं वाटलं. दुसऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं की त्यांना नेहमीच हलकं वाटायचं.

पण ती गेल्यावर त्यांना शिडी आठवला.

चौदा वर्षांपूर्वी शिडीने भर चर्चासत्रात हात वर करून विचारलं होतं, "सर, आपण टप्पा कधी बदलून बघितलाय का?" एवढंच. पोराच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, खरोखर जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं. सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावलं, हातात खडू दिला आणि म्हणाले, "आधी हे कळतं का बघू, मग टप्प्याचं बोलू." चाळीस मिनिटं त्याला शाळकरी पोरासारखं उभं करून पहिल्या वर्गातली गणितं सोडवायला लावली. प्रत्येक ओळीला "मग? पुढे?" असं विचारत राहिले. साधा गुणाकार चुकावा इतका तो भेदरला. शेवटी खडू मोडला, पोराच्या तोंडून हुंदका फुटला, आणि सर श्रोत्यांकडे वळून म्हणाले, "शिडी उंच असते, पण तिला डोकं नसतं." सगळे हसले. होयबा सगळ्यात मोठ्याने हसला.

तिथेही सर थांबले नाहीत. शिडीने पुढे नोकरीसाठी अर्ज केले तेव्हा शिफारसपत्र मागितलं. सरांनी दिलं. दोनच वाक्यांचं. 'हा विद्यार्थी वेळेवर येतो. त्याचं अक्षर चांगलं आहे.' आमच्या धंद्यात अशा पत्राचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. बारा ठिकाणी अर्ज केले आणि बारा ठिकाणांहून नकार आला. पुढे तो कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवायला लागला असं कुणीतरी सांगितलं. सर म्हणाले होते, "छान. अक्षराचा उपयोग झाला."

तेव्हापासून टप्प्याचा विषय कुणी काढला नाही. धाकट्यावर नवे लेख यायचे तेही हळूहळू आटले. आपण विषयाचं शेवटचं पान लिहून टाकलं, आता कुणाला बोलायला काही उरलं नाही, असा सरांनी त्याचा अर्थ लावला होता. खुशीने.

बुधवारी सकाळी सर आठच्या ठोक्याला विभागात आले, दाराला आतून कडी घातली आणि स्वतःच्या हाताने धाकटा चालवला. टप्पा पाच तासांचा. धाकटा शांत. तीन तासांचा. शांत. साडेसहा, नऊ, पावणेचार. कितीही बदला, धाकटा थोरल्याभोवती गुमान फिरतोय. एखाद्या सरळमार्गी कारकुनासारखा वेळेवर येतोय, वेळेवर जातोय. मग त्यांनी आठ घातले, आणि धाकटा लटपटला, भेलकांडला आणि चाळीस हजार वर्षांत घर सोडून गेला.

कारण शोधायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत, ते शेवटी मुळात हुशार होते. धाकट्याची एक फेरी छप्पन्न तासांची. आठाच्या सात उड्या म्हणजे बरोबर छप्पन्न. म्हणजे प्रत्येक फेरीत उडी नेमकी त्याच त्याच जागी पडत होती, आणि उडीतली जी काही बारीकशी चूक असेल ती दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला धक्का देत होती. झोपाळ्याला योग्य वेळी बोटाने ढकललं तरी तो चढत जातो, तसं. छप्पन्नाला निःशेष भागत नाही असा कुठलाही टप्पा घेतला असता तर उड्या इकडेतिकडे पडल्या असत्या आणि धक्के एकमेकांत जिरून गेले असते. आकाशात धाकट्याला कुणी ढकलत नव्हतं. ढकलत होते सर, एकतीस वर्षं, आपल्या खोलीत बसून.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रडावंसं वाटलं, पण रडायची सवय नव्हती, आणि दाराबाहेर कुणाच्या तरी चपला वाजत होत्या. एकदा, फक्त एकदा आठाच्या जागी पाच टाकायचे होते. एक आकडा. तो टाकायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी दडपून टाकायचं ठरवलं. टाचणीचं प्रकरण काढून टाकायचं, तिला दुसरा विषय द्यायचा, दोन वर्षं वाढवून द्यायची, रडेल आणि गप्प बसेल. पण मग त्यांच्या लक्षात आलं, शुक्रवारनंतर सही त्यांची राहणार नाही. ग्रहण सुटलं की पोरं बोलायला लागणार. आज ना उद्या कुणीतरी आठाच्या जागी पाच घालणार, आणि मग लोक म्हणणार, म्हाताऱ्याला कळलंच नाही.

हा विचार त्यांना सहन होईना. आणि त्यातूनच, संध्याकाळी घरी चालत येताना, त्यांना सुचलं.

आपणच सांगायचं!

भर सभेत, शेवटच्या भाषणात, दोनशे लोकांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी चुकलो. असं आजवर कुणी केलंय? कुणाच्या बापाची छाती झाली असती? सरांना ते सभागृह डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आधी सुन्न शांतता. मग कुणाचा तरी हुंदका. मग एकेक जण उभा राहतोय, टाळ्या वाजवतोय. निष्कर्ष जाईल, पण माणूस केवढा मोठा होईल! चालता चालता सर ताठ झाले. घरी आल्यावर त्यांना सडकून भूक लागली आणि ते दोन घास जास्तच जेवले.

टाचणीचं नाव घ्यायचं की नाही याचाही त्यांनी विचार केला. नाव घेतलं तर लोक म्हणणार, विद्यार्थिनीने पकडलं म्हणून कबूल केलं. सगळा मोठेपणा मातीत जाणार. त्यापेक्षा 'मी स्वतः पुन्हा तपासून पाहिलं' हे वाक्य चांगलं. खोटंही नव्हतं, बुधवारी तपासलं होतंच की. पोरीला काय, तिचं अख्खं आयुष्य पडलंय.

गुरुवारी सकाळी चहा घेताना ते बायकोला म्हणाले, "उद्या पहिल्या रांगेत बस. मी एक फार मोठी गोष्ट सांगणार आहे."

त्यांची बायको शहरातल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांचे प्रयोग घ्यायची, तीसेक वर्षं झाली होती. सर त्याला बालवाडी म्हणत. स्वतः त्यांनी खालच्या वर्गांना कधी शिकवलं नाही, मागे लागूनही नाही.

"कसली गोष्ट?" तिने विचारलं.

"धाकट्याबद्दल. उद्याच ऐक."

ती कप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, काय ते सांगायलाच हवं का? छान चार शब्द बोला, आभार माना, घरी या."

"तुला नाही कळायचं ते."

"बरं," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

दुपारी सरांनी शिडीचा नंबर मिळवला. माफी मागायची होती हे खरं, पण मनातून त्यांना तो सभागृहात हवा होता. शक्यतो तिसऱ्या रांगेत, म्हणजे उंचीमुळे सगळ्यांना दिसला असता. "शिडी, तू तेव्हा विचारलं होतंस ते बरोबर होतं," ते म्हणाले. "मी उद्या जाहीर सांगणार आहे."

शिडी म्हणाला, "उद्या?"

"हो. ये तू."

"उद्या माझे वर्ग आहेत सर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर सरांना समजलं असतं काय बोलायचं ते. "तुम्ही सांगा. शुभेच्छा."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. होयबाने सगळी व्यवस्था चोख ठेवली होती. व्यासपीठावर पाण्याचे ग्लास झाकलेले, पाहुणे पहिल्या दोन रांगांत, विद्यार्थी मागे. सरांची बायको पहिल्या रांगेत कडेला बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. टाचणी मागच्या भिंतीपाशी उभी होती. बसायला जागा असूनही.

सर माइकपाशी आले. सुरुवातीला नेहमीचं बोलले, जुन्या यंत्रांचं, रांगांचं, पहिल्या लेखाचं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला, तोही ठरवूनच ठेवला होता, आणि आवाज खाली आणला.

"आता जे सांगतो ते सांगायला एकतीस वर्षं लागली. मित्रहो, धाकटा कुठेही जाणार नाही. तो जाणार असं मी म्हटलं, ते चूक होतं. दोष आकाशात नव्हता, माझ्या टप्प्यात होता. आठ तासांचा टप्पा आणि छप्पन्न तासांची फेरी. मी स्वतः पुन्हा तपासून पाहिलं. माझ्या आयुष्यभराचं काम आज मी माझ्या हाताने मोडतो आहे."

ते थांबले. शांतता पसरली. सरांना वाटलं होतं तशीच पसरली. पण ती काही वेगळीच होती. लोक त्यांच्याकडे बघत नव्हते, खाली बघत होते, आपापल्या बुटांकडे. होयबा नखं बघत होता. हुंदका कुठूनच आला नाही.

दुसऱ्या रांगेत बाहेरगावचे एक वृद्ध प्राध्यापक होते, सरांच्याच वयाचे. त्यांना कमी ऐकू यायचं आणि म्हणून ते फार मोठ्याने बोलायचे. ते शेजारच्याकडे वळले आणि आपल्या मते कुजबुजले.

"म्हणजे ह्यांना आत्ता कळलं?"

अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. मागच्या रांगेतली एक मुलगी फिसकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला. तिच्या शेजारचा हसला. मग तो हशा खाली मान घालून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पसरत गेला. लोक खोकायला लागले, रुमाल काढायला लागले, एकमेकांना कोपराने ढोसायला लागले. कुणी दुष्टपणाने हसत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. लोकांना खरोखर आवरत नव्हतं.

"काय कळलं?" सर म्हणाले. "कुणाला माहीत होतं?"

आणि सरांच्या अंगात जुना मास्तर संचारला. पोरांना धारेवर धरायचे तसा त्यांनी टेबलावर हात आपटला.

"कुणाला माहीत होतं? हात वर करा!"

एकतीस वर्षांची सवय हो ती. त्यांनी हात वर करा म्हटलं की लोक करायचे. पहिला हात मागून वर आला, मग दोन, मग दहा, मग रांगेच्या रांगा. पाहुण्यांचे हात, लेखनिकाचा हात, ग्रंथपालाचा हात. होयबाने मान खाली घालून हात खांद्यापर्यंत उचलला. टाचणी भिंतीपाशी दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती. मग तिनेही एक काढला आणि सरळ वर धरला. तिच्या डोळ्यांत आज पाणी नव्हतं.

"कधीपासून?" सरांचा आवाज चिरकला.

"सर," होयबा म्हणाला, "ते प्रयोगवहीत आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सातवा प्रयोग. एका प्रसिद्ध निष्कर्षातली चूक शोधा, असा आहे तो. तुमचं नाव नाहीये त्यात. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, निवृत्त होईपर्यंत कशाला... ही पोरगीही बोलली नसती, पण तिचे परीक्षक बाहेरचे, त्यामुळे तिचा नाइलाज झाला."

सरांनी कशाचा तरी आधार शोधावा म्हणून पहिल्या रांगेकडे पाहिलं. कडेच्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती. एका हाताने मांडीवरची पर्स सावरत तिने दुसरा हात वर केलेला होता, हजेरीला करतात तसा.

त्यानंतर टाळ्या झाल्या. होयबाने शाल दिली, चार वाक्यं म्हटली, फोटो निघाले. सर फोटोत हसलेत. ते घरी कसे आले हे त्यांना सांगता येणार नाही. चार वाजता ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. अंगावर तेच कपडे, आणि समोर बायको.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"नऊ वर्षं झाली. आमच्या कॉलेजात सातवा प्रयोग मीच घेते."

"नऊ वर्षं!" सर ओरडले. "नऊ वर्षं तू माझ्याबरोबर या टेबलावर बसून जेवलीस?"

"ओरडू नका. इथे कुणी घाबरणारं नाही."

ते खरंच ओरडायचे थांबले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तो प्रयोग कुणी लिहिला?"

"तुमच्या शिडीने. प्रयोगवहीचं काम त्याला मिळालं तेव्हा तो आपल्या घरी आला होता. तुम्ही परदेशी होतात. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, बाई, सरांचं नाव कुठे घालणार नाही, पण हा प्रयोग घालू का? तुम्ही नको म्हटलंत तर नाही घालत." तिने टेबलावरचा एक सांडलेला थेंब बोटाने पुसला. "मी म्हटलं, घाल."

"का?"

"त्या दोन वाक्यांच्या पत्रानंतर तो दोन वर्षं घराबाहेर पडला नव्हता. त्याची आई आली होती माझ्याकडे. तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, मग आईने शिकवावं त्याला."

सरांना हे आठवेना. आठवेना हेही त्यांनी कबूल केलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. आता आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी तुझा नवरा आहे गं. एकदा म्हणायचंस, अहो, टप्पा बदलून बघा."

"सांगणारच होते. पहिल्याच वर्षी. इथेच बसून वह्या तपासत होते, आणि मुद्दाम एक उघडी वही तुमच्यासमोर सरकवली. तुमचीच आकृती होती, पानभर, आणि खाली त्या पोराने लाल शाईत लिहिलं होतं, चूक टप्प्याची. तुम्ही ती उचललीत, पान न बघता मिटलीत आणि म्हणालात, ही बालवाडी जरा पलीकडे घे, मला पेपर ठेवायचाय. तेव्हा मी ठरवलं, राहू दे. बघू या, ह्यांना स्वतःहून कधी सुचतं का."

"आणि दर वर्षी..."

"दर वर्षी साठ वह्या. तुमच्यासमोरच तपासल्या."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. सर बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते, राग सापडतो का, निदान दया तरी, म्हणजे त्याला धरून काही बोलता आलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. काम उरकलेल्या बाईचा चेहरा होता तो.

शेवटी, काहीतरी विचारायला हवं म्हणून, की एवढीच एक आशा उरली होती म्हणून, ते म्हणाले, "पोरांना... जड जातो का गं तो प्रयोग?"

ती खुर्ची मागे सारून उठली.

"छे हो," ती म्हणाली. "अर्ध्या तासात उरकून घरी जातात."